आधी पाणी, मग गाडी

(रेडिओवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमच्या बोर्ली पंचतनला मे महिन्यात दुपारी एक वाजता कोणी कोणाच्या घरी जात नाही. बाजारपेठेतली दुकानं पेंगत असतात, दिवेआगरकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या तेवढ्या धावत असतात, आणि बाकी सगळा गाव पडवीत नाहीतर माजघरात जमिनीवर अंग टाकून चार वाजण्याची वाट पाहत असतो. उन्हाची आपल्याला सवय आहे, अशी आम्हा कोकणातल्या माणसांची समजूत असते. विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आमच्याकडे तेहेतीस-चौतीस. मग उष्माघात ही तिकडची गोष्ट, आपली नव्हे, असं आम्ही धरून चालतो. ह्याच समजुतीपायी माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर बेतलं होतं. आज त्या दुपारची हकिगत सांगणार आहे, आणि त्या दुपारी मला ठाऊक असूनही जे सुचलं नाही, ते शास्त्रही सांगणार आहे.

गोष्ट मे 2022 मधली. मी नोकरीनिमित्त आयुष्यभर बाहेरगावी होतो, शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीनंतर गावी येऊन-जाऊन असतो. घर आणि वाडी सांभाळली ती थोरल्या भावाने. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वय तेव्हा अडुसष्ट. रक्तदाबाची गोळी चालू, बाकी प्रकृती खणखणीत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, ते तुम्हाला आठवत असेल. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली ह्या साऱ्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळीला उत्पन्न यायला वर्षं लागतात, म्हणून नुकसानीचा हिशेब सगळ्यांनी पैशात मांडला. सावलीचा हिशेब कोणी मांडला नाही. पूर्वी आमच्या वाडीत भरदुपारी शिरलं तरी डोक्यावर झावळ्यांचं छत असायचं. पायाखाली ओली माती, पाटाचं पाणी, अंगाला गारवा लागायचा. वादळानंतर तिथे उघडं आभाळ आलं. अण्णांनी पुन्हा रोपं लावली. पण काम करायची वेळ आणि सवय मात्र सावलीच्या दिवसांतलीच राहिली.

त्या दिवशी सकाळी आठपासून ते रोपांना आळी करीत होते. एक वाजता मागच्या दाराने आले आणि पडवीत बसले. सदरा घामाने चिंब. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अण्णा म्हणाले, "आबांचं जेवण झालं का?"

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आम्ही हसलो. खरं सांगतो, हसलो. उन्हातून आलेत, थकलेत, बोलायला गेले एक आणि निघालं दुसरं, असं वाटलं. मग त्यांच्या हातून तांब्या निसटला आणि ते भिंतीला टेकून कलंडले. मी अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं.

त्यानंतर आम्ही काय काय केलं ते ऐका. त्यांना उचलून माजघरात नेलं, दारं लोटून घेतली, म्हणजे ऊन नको. लाईट गेलेली होती, तेव्हा पंखा बंद. वहिनींनी कांदा फोडून नाकाशी धरला. मी तापाची गोळी शोधू लागलो. पुतण्या गाडीच्या शोधात धावला. माझ्या मनात एकदा आलं होतं, डोक्यावर पाणी घालावं. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "तापल्या अंगावर पाणी घालू नका हो, लकवा मारेल!" हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. हात मागे घेतला.

सुदैवाने आमच्या आळीतल्या आशाताई कसल्याशा नोंदी घेत फिरत होत्या. गलका ऐकून आत आल्या. अण्णांच्या छातीवर उलटा हात ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "अण्णा, आज वार कोणता?" अण्णा म्हणाले, "भात." त्या एवढंच म्हणाल्या, "विहिरीवर घ्या. आत्ता. गाडी येईल तेव्हा येईल."

आम्ही चौघांनी त्यांना बाजेवर घालून विहिरीशी नेलं. सदरा काढला. एकाने पोहरा ओढायचा, एकाने अंगावर ओतायचं. वहिनी आणि सून दोन्ही बाजूंनी सुपाने वारा घालत होत्या. आशाताई पंचे भिजवून मांड्यांवर, पोटावर टाकत होत्या आणि गरम झाले की बदलत होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "माझा सदरा कोणी काढला?" त्या क्षणी हे वाक्य मला वेदवाक्यासारखं वाटलं.

गाडी आली. ओल्या पंचांसकट, खिडक्या उघड्या टाकून त्यांना रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाकी सगळं नंतर, पण एक प्रश्न आधी विचारला, "कोसळले किती वाजता आणि पाणी घातलं किती वाजता?" मी हिशेब केला. मध्ये पंचवीस मिनिटं गेली होती. कांदा, गोळी, गाडीची शोधाशोध आणि काकूंचा लकवा ह्यांत गेलेली पंचवीस मिनिटं.

अण्णा वाचले. पण तेव्हापासून त्यांचा हात कापतो, आणि चालताना पाऊल तिरकं पडतं. मेंदूच्या मागच्या भागात तोल सांभाळणारा लहान मेंदू असतो. त्यातल्या पेशी उष्णतेने फार लवकर दगावतात आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पोफळीवर सरसर चढणारा माणूस आता वाडीत काठी घेऊन जातो. ती पंचवीस मिनिटं माझी आहेत. ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे भाषण.

आता शास्त्राकडे वळू.

आपलं शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल आहे. नुसतं बसलो तरी साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता आपण तयार करतो. कुदळ मारायला लागलो की त्याच्या चौपट-पाचपट. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर अंग तापत जाणार. हवा अंगापेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता तशीच निघून जाते. पण हवा पस्तीस अंशांच्या आसपास आली की तो मार्ग जवळजवळ बंद होतो. उरतो एकच मार्ग, घाम.

इथे एक गैरसमज आहे. घाम आला म्हणजे अंग थंड झालं, असं नाही. घाम वाळला तर अंग थंड होतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी कातडीतून घेतं. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप जमिनीवर पडला तर जवळपास काहीच नेत नाही. बाष्पीभवनाचा हा धडा मी तीस वर्षं फळ्यावर शिकवला. त्या दुपारी तो आठवला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता नागपूर आणि बोर्ली ह्यांतला फरक पाहा. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते. तिथे घाम आला की वाळतो, म्हणून तिथे माठातलं पाणी गारेगार होतं आणि कूलर चालतो. आमच्याकडे समुद्राची दमट हवा. तिच्यात आधीच इतकी वाफ भरलेली असते की नवी वाफ सामावून घ्यायला जागा थोडी. म्हणून आमच्या माठाला तेवढा गारवा नाही आणि कूलर लावला तर खोली नुसती दमट होते. जे माठाचं, तेच माणसाचं. आम्ही घामाने निथळतो, पण तो घाम बराचसा वायाच जातो. तेहेतीस-चौतीस हा आकडा दिसायला सौम्य असतो, त्याच्या मागे लपलेली वाफ आकड्यात दिसत नाही. हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार चाळीस अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर सदतीसपासून.

ह्याचं सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या जवळच घडलं. रविवार, 16 एप्रिल 2023. खारघरच्या मोकळ्या मैदानावर रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी ह्यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. लाखो माणसं जमली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांतून गाड्या भरभरून लोक गेले. कित्येक जण पहाटेपासून, काही आदल्या रात्रीपासून मैदानात बसून होते. त्या दिवशी त्या भागातलं तापमान सुमारे 38 अंश होतं. विदर्भातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, हे काय ऊन? पण त्या उन्हाने चौदा माणसं गेली. डोक्यावर छत नाही, हवा दमट, आणि चहूकडून माणसांची दाटी, म्हणजे वारा नाही. घाम वाळायला जे जे लागतं ते सगळंच तिथे तोकडं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, जून 2024 मध्ये, मक्केला हज यात्रेत तेराशेहून अधिक माणसं दगावली. त्यांतले बहुतेक जण परवान्याशिवाय आलेले होते, म्हणजे तंबूच्या सावलीशिवाय लांबवर पायी चाललेले. आमच्या किनाऱ्यावरच्या अनेक मुसलमान घरांतून दरवर्षी कोणी ना कोणी हजला जातं, त्यामुळे तो आकडा आमच्या गावातही नुसता बातमीतला आकडा नव्हता.

आता प्रश्न असा, की साधं ऊन लागलं आणि उष्माघात झाला, ह्यांतला फरक घरच्या माणसाने ओळखायचा कसा?

उन्हाचा त्रास पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, अंग गळून जातं. पण माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. इथवर घरी सावरता येतं. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करून वारा घालायचा आणि घोटाघोटाने प्यायला द्यायचं. अर्ध्या-पाऊण तासात उतार पडला पाहिजे. उतार नसेल किंवा उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठायचा.

पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या, म्हणजे आपल्या जुन्या मापात एकशे चारच्या वर जातं, आणि मेंदूचा कारभार बिघडतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, फिट येते, बेशुद्ध पडतो. त्या दोहोंतली सीमारेषा म्हणजे मेंदू. म्हणून आशाताईंनी वार विचारला. हा प्रश्न तुम्हीही विचारा. नाव काय, गाव कोणतं, वार कोणता? तापलेल्या अंगाच्या माणसाने ह्याचं उत्तर चुकवलं तर थर्मामीटर शोधत बसू नका. काखेत लावलेला थर्मामीटर आतला ताप कमीच दाखवतो.

आणखी एक. उष्माघातात अंग कोरडं पडतं, घाम थांबतो, असं आपण वाचलेलं असतं. घरात बसून उन्हाळा सोसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत तसं होतं. पण काम करता करता कोसळलेला माणूस घामाने चिंब असू शकतो. अण्णांचा सदरा पिळून काढावा असा ओला होता. घाम येतोय म्हणजे काळजी नाही, हा विचार तिथेच सोडून द्या.

आता तापाच्या गोळीविषयी. साध्या तापात मेंदूच शरीराला हुकूम देतो की तापमान वाढव. गोळी तो हुकूम मागे घ्यायला लावते, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात असा हुकूमच नसतो. उलट मेंदू सांगत असतो की थंड हो, आणि शरीराला ते जमत नसतं. तिथे गोळी काय करणार? फायदा नाहीच, वर आधीच तापून निघालेल्या यकृतावर भार. म्हणून ती द्यायची नाही.

आणि आता काकूंचा लकवा. त्यांना मी दोष देत नाही. ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि तिच्या मुळाशी थोडं निरीक्षणही आहे. तापलेला माणूस एकदम उभा राहिला, घटाघटा गार पाणी प्यायला, डोक्यावर धार धरली आणि चक्कर येऊन पडला, असं लोकांनी पाहिलेलं असतं. पाण्याने झटका आला असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांतले कित्येक आधीच उष्माघाताच्या उंबरठ्यावर असतात आणि पाणी तेवढं बदनाम होतं. जुनी वैद्यकीय पुस्तकंही म्हणत की गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, कुडकुडी भरते आणि उष्णता आतच कोंडते. रक्तवाहिन्या आवळतात हे खरं. पण पाणी भरपूर असेल तर त्या आवळल्या तरी उष्णता निघायची थांबत नाही.

ह्याचा पडताळा अमेरिकेतल्या एका समुद्रकाठच्या गावात मिळाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फालमाउथला दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. हवा दमट, आमच्यासारखीच. शेवटच्या रेषेपाशी काही धावपटू उष्माघाताने कोसळतात. तिथे बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात. कोसळलेल्याला जागच्या जागी टबात घालतात, रुग्णालय नंतर. अठरा वर्षांतल्या अशा 274 रुग्णांची नोंद 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतला एकही दगावला नाही. ज्या आजारात एरवी माणसं पटापट जातात, त्यात 274 पैकी 274 वाचले. औषध काय, तर पाणी. आणि वेळ काय, तर पहिला अर्धा तास. डॉक्टरमंडळींत त्यावरून आता एक सूत्रच झालं आहे, की आधी थंड करा, मग हलवा.

ती धावपटू माणसं तरुण आणि धडधाकट होती, हे खरं. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसाला बर्फाच्या पाण्यात बुडवायची गरज नाही. त्याच्यासाठी दुसरी रीत आहे, ओलं अंग आणि वारा. तिचा उत्तम नमुना मक्केतच तयार झाला. 1980 च्या सुमारास यात्रेकरूंसाठी तिथे जाळीच्या झोळीवर रुग्णाला निजवायचं, सगळ्या बाजूंनी बारीक तुषार उडवायचे आणि जोराचा वारा सोडायचा, अशी यंत्रणा बसवली गेली. झोळी कशासाठी, तर पाठीलाही वारा लागावा म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमची काथ्याची बाज आठवली.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. सत्तर किलोच्या माणसाचं अंग एक अंशाने उतरवायला सुमारे 58 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. वाळवून काढायची तर अंगावरचं अर्धा पेला पाणी पूर्ण वाळलं की झालं. ओतून काढायची तर गणित वेगळं. विहिरीचं पाणी अंगापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड. अंगावरून वाहताना ते चार-पाच अंश तापलं असं धरलं, तर एक लिटर पाणी चार-पाच किलोकॅलरी घेऊन जाईल. म्हणजे एका अंशाला एक बादली. हा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतं. तीन अंश उतरवायला तीन बादल्या ही कमीत कमी गरज. डोक्यावर तांब्याभर पाणी थापटून आणि कपाळावर ओला रुमाल ठेवून उष्माघात का हटत नाही, ते आता लक्षात येईल.

कोकणात दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या. पाणी ओतत राहायचं आणि वाराही घालत राहायचा. दमट हवेतही तापलेल्या अंगावरचं पाणी वाळतं, फक्त कातडीलगतची वाफाळलेली हवा कोणीतरी हलवावी लागते. पंखा असेल तर उत्तम. नसेल तर सूप, पुठ्ठा, पदर, काहीही.

तेव्हा क्रम असा लक्षात ठेवा. माणूस तापलेला आहे आणि बरळतो आहे, हे दिसताच एकाने 108 ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी पाणी घ्यायचं. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं नाही. सावलीत, शक्यतो वाऱ्याच्या जागी न्यायचं. माजघर बंद करून घ्यायचं नाही. वरचे कपडे काढायचे. बाईमाणूस असेल तर साडी सैल करा, अंगावर पातळ सुती कापड टाकून त्यावरूनच पाणी घाला. आडोसा जरूर करा, पण आडोसा होईपर्यंत थांबू नका. संकोचापायी बायकांच्या बाबतीत फार वेळ जातो.

पाणी विहिरीचं किंवा हौदाचं घ्या. छपरावरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, त्याचा उपयोग नाही. मान, छाती, पोट, पाठ, मांड्या, सगळं अंग भिजवा. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. कोसळलेला माणूस तरुण असेल आणि बंदर जवळ असेल तर मासळीचा बर्फ मिळतोच. ताडपत्रीचे चारही कोपरे उचलून धरा, मध्ये माणूस, त्यावर पाणी आणि बर्फ. डोकं मात्र एकाने वर धरून ठेवायचं. फालमाउथचा टब तो हाच. वयस्कर माणसाच्या बाबतीत बर्फाचे तुकडे कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत धरा, पण पाणी आणि वारा चालूच ठेवा.

माणूस नीट बोलू लागला, किंवा कुडकुडू लागला, किंवा थर्मामीटर एकशे दोनवर आला, की ओतणं थांबवा. नाहीतर अंग गरजेपेक्षा थंड होईल. मग रुग्णालयात न्या. माणूस उठून बसला, हसला, जेवायला मागू लागला तरी न्या. मूत्रपिंड आणि यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी उमटते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर ती त्याचीच खूण.

आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, सरबत नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर नवं संकट. कांद्याने अपाय नाही, पण तो धरण्यात एक माणूस आणि दोन मिनिटं अडकतात, आणि तिथे दोन्ही मोलाची असतात.

जो शुद्धीवर आहे त्याला मात्र पाजा. घामाबरोबर पाणी जातं तसं मीठही जातं. जीवनरक्षक क्षारांची पुडी असेल तर चांगलंच. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी हे वेगळ्या नावाने करून ठेवलेलंच आहे. मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक, मीठ-जिरे घातलेलं कोकमाचं सरबत. सकाळी वाडीत जाण्याआधी वाडगाभर पेज पिण्याची आमच्याकडची रीत ही काही गरिबीची खूण नव्हती. ती दिवसभराच्या घामाची आगाऊ भरपाई होती. अण्णांनी ती सोडून चहा-बिस्किटं धरली होती.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी घाम कमी येतो. अशी औषधं घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण उन्हाळा लागताच डॉक्टरांना एकदा विचारावं. आणि एकदा उष्माघात झालेल्या माणसाने बरं वाटलं म्हणून लगेच उन्हात कामाला जाऊ नये. तापलेलं शरीर पूर्वपदावर यायला आठवडे लागतात.

आमच्या घरी आता काही गोष्टी बदलल्या आहेत. वाडीचं काम सकाळी सहा ते दहा आणि चारच्या पुढे. सकाळी पेज पुन्हा सुरू झाली. विहिरीच्या कठड्यावर एक बादली आणि दोन पंचे मार्चपासून पावसापर्यंत ठेवलेले असतात. काकूंना हे सगळं समजावून सांगायला मला दोन उन्हाळे लागले. गेल्या मे महिन्यात त्यांच्याच पडवीत आंबे उतरवणारा एक गडी चक्कर येऊन बसला, तेव्हा काकूंनी स्वतः त्याच्या अंगावर कळशी रिती केली आणि मला हाक मारली, "मास्तर, वार बरोबर सांगतोय हो, शुक्रवार!"

अण्णा आमच्या पडवीतून हे ऐकत होते. म्हणाले, "मला विचारा की. आज शुक्रवारच आहे." मग काठी घेऊन सावकाश उठले आणि वाडीकडे गेले. वादळानंतर लावलेली पोफळ आता पुरुषभर उंच झाली आहे. तिची सावली अजून गुडघ्याएवढीच पडते, पण पडते.